ड्रायव्हरची सीट सोडून टीमचे मालक होण्याविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका गृहस्थांचा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. कार्टिंगपासून सुरुवात करून तो गेली काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सिंगल सीटर, म्हणजे एकाच आसनाची शर्यतीची गाडी चालवतो. आता त्याला स्वतःची टीम काढायची आहे आणि त्यासाठी वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकावा, असा त्याचा आग्रह आहे. धाकटे बंधू म्हणतात की अमेरिकेतले नामवंत टीम मालक रॉजर पेन्स्की हेही मूळचे ड्रायव्हरच होते आणि त्यांनी केवढा व्याप उभा केला. थोरले बंधू म्हणतात की ॲलन प्रॉस्ट फॉर्म्युला वनमध्ये चार वेळा जगज्जेते झाले, तरी त्यांच्या टीमचे दिवाळे निघाले. चांगला ड्रायव्हर चांगला टीम मालक होतो का, असा त्यांचा थेट सवाल आहे.

दोघांची उदाहरणे खरी आहेत आणि म्हणूनच त्यांवरून वाद मिटणार नाही. मी या क्षेत्रात मेकॅनिक म्हणून आलो, नंतर रेस इंजिनिअर झालो आणि आता टीम मॅनेजर म्हणून काम करतो. ज्या मालकांच्या हाताखाली मी काम केले, त्यांत माजी ड्रायव्हर होते, तसेच शर्यतीची गाडी कधीही न चालवलेले व्यापारीही होते. त्या अनुभवावरून मला असे वाटते की प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने विचारायला हवा. ड्रायव्हर म्हणून कमावलेले नाव मालकाला बाजारात पत मिळवून देते, पण मालकाचे काम ते शिकवत नाही. ते काम त्याने दुसरीकडे कुठेतरी शिकलेले असावे लागते, नाहीतर ते ज्याला येते असा माणूस पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी असावा लागतो. म्हणून तुमच्या भावाने किती शर्यती जिंकल्या यापेक्षा शर्यतींच्या बाहेर त्याने काय केले आहे, हे मला आधी कळायला हवे.

पेन्स्की यांचे उदाहरण तुमच्या भावानेच दिले आहे, तेव्हा तेच नीट पाहू. त्यांचा जन्म १९३७ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. शाळकरी वयातच ते जुन्या गाड्या विकत घेत, दुरुस्त करत आणि नफा घेऊन विकत. लीहाय विद्यापीठातून १९५९ मध्ये पदवी घेतल्यावर ते अल्कोआ या ॲल्युमिनियमच्या कंपनीत विक्रीचे काम करू लागले आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरू लागले. ड्रायव्हर म्हणून ते खरोखरच वरच्या दर्जाचे होते. १९६१ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्यांची वर्षातील सर्वोत्तम ड्रायव्हर म्हणून निवड केली आणि वॉटकिन्स ग्लेन येथे झालेल्या फॉर्म्युला वनच्या अमेरिकन ग्रां प्रीमध्ये ते १९६१ साली आठवे, तर १९६२ साली नववे आले. परंतु त्यांच्या त्या काळातल्या कामगिरीत मला सर्वांत बोलकी वाटते ती झेरेक्स स्पेशल नावाची गाडी.

१९६१ च्या वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत वॉल्ट हॅन्सगेन यांची कूपर गाडी अपघातात मोडली होती. ती मोडकी गाडी पेन्स्की यांनी विकत घेतली, तिच्या सांगाड्यावर स्पोर्ट्स कारची बॉडी चढवली आणि झेरेक्स या अँटिफ्रीझचे नाव लावून प्रायोजकत्व मिळवले. नियम दोन आसनांचा होता. त्यांनी ड्रायव्हरला मधोमध बसवले आणि बाजूला, पत्र्याच्या झाकणाखाली, प्रवाशाची नावापुरती जागा ठेवली. नियमाच्या अक्षरात ते बसत होते. १९६२ च्या शरद ऋतूत त्यांनी रिव्हरसाइडची मोठ्या बक्षिसाची शर्यत याच गाडीने जिंकली. इतरांनी ओरड केली, नियम बदलला, तेव्हा गाडी दोन आसनांची करून घेतली आणि पुढे विकूनही टाकली. हीच गाडी १९६४ मध्ये न्यूझीलंडचे ड्रायव्हर ब्रूस मॅक्लारेन यांच्याकडे पोहोचली आणि त्यांच्या टीमच्या पहिल्या स्पोर्ट्स कारचा पाया ठरली.

आता या व्यवहारात ड्रायव्हिंगचा भाग किती आणि इतर भाग किती, हे मोजून पाहा. मोडीतला माल स्वस्तात ओळखणे, नियमपुस्तक ओळ न ओळ वाचणे, प्रायोजकाला गळ घालणे आणि वस्तूची किंमत टिकून आहे तोवर ती विकणे, ही चारही कामे मालकाची आहेत. पेन्स्की ती पंचविशीतच करत होते आणि गाडीही चालवत होते. म्हणजे ते ड्रायव्हर असतानाच निम्मे मालक झालेले होते. तुमच्या भावाने आजवर गाडी विकली आहे का, प्रायोजक स्वतः आणला आहे का, की ते सगळे वडिलांनी आणि तुम्ही पाहिले, याचे प्रामाणिक उत्तर घरात बसून द्यायला हवे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. १९६४ च्या डिसेंबरात बहामातल्या नासाऊ येथे शर्यती जिंकून, ऐन २७ व्या वर्षी, पेन्स्की यांनी ड्रायव्हिंग थांबवले. त्यांना फिलाडेल्फियातली शेव्हरोलेची डीलरशिप घ्यायची होती आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. ‘अजून दोन वर्षे चालवतो आणि मग पाहतो’ असे ते म्हणाले नाहीत. १९६६ मध्ये त्यांची टीम डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली, तेव्हा मालक पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी दुरुस्तीच्या जागेच्या, भिंतीजवळ उभे होते आणि चाकामागे दुसरे लोक होते. त्या शर्यतीत रात्री त्यांची कॉर्व्हेट दुसऱ्या गाडीवर आदळली आणि पुढचे दिवे गेले. टीमच्या लोकांनी पुढच्या मडगार्डांवर चिकटपट्टीने विजेऱ्या बांधल्या, दुसऱ्या गाडीच्या मागच्या दिव्यांचा माग काढत ड्रायव्हरने रात्र काढली आणि गाडीने जीटी गटात पहिला क्रमांक मिळवला. गाडीच्या आत बसलेल्या माणसाला त्या क्षणी एवढेच दिसते की दिवे गेले. विजेरी आणि चिकटपट्टी कुठे आहे, ती कोण बांधणार आणि तेवढ्यात पंचांना काय सांगायचे, हा विचार बाहेर उभ्या असलेल्या माणसानेच करायचा असतो. एका वेळी एकाच माणसाला दोन्ही जागी उभे राहता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मार्क डॉनह्यू. डॉनह्यू हे ब्राउन विद्यापीठातून शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर आणि फार चांगले ड्रायव्हर होते. पेन्स्की यांनी त्यांना आणले आणि गाडीची तांत्रिक बाजू जवळजवळ त्यांच्यावर सोपवली. पैसा, करार, माणसे आणि शिस्त पेन्स्की पाहत, गाडी डॉनह्यू पाहत. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या शर्यतींच्या मालिकेत १९६८ व १९६९ ची विजेतेपदे याच जोडीने कॅमेरो गाडीतून मिळवली. त्या काळात त्यांनी पेट्रोल भरण्याची टाकी उंच मनोऱ्यावर बसवली होती, कारण पेट्रोल उंचावरून वेगाने उतरते आणि पिटमधली सेकंदे वाचतात. पुढे नियमाने टाकीच्या उंचीवर मर्यादा घातली. १९६९ मध्ये ते प्रथमच इंडियानापोलिस ५०० (थोडक्यात इंडी ५००) या अमेरिकेतल्या ५०० मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरले आणि १९७२ मध्ये डॉनह्यू यांनी मॅक्लारेनने बनवलेल्या गाडीतून ती शर्यत जिंकली. पेन्स्की यांचा तो पहिला इंडी विजय होता. २०२४ पर्यंत त्यांच्या टीमचे असे २० विजय झाले आहेत.

या २० विजयांमागे टीमच्या बाहेरून येणारा पैसा आहे, हे तुमच्या भावाच्या लक्षात आणून द्या. फिलाडेल्फियाची डीलरशिप, १९६९ मध्ये सुरू झालेला ट्रक भाड्याने देण्याचा व्यवसाय, १९८० च्या दशकात हाती घेतलेली डेट्रॉइट डिझेल ही इंजिन कंपनी, असे करत त्यांचा मूळ धंदा वाढत गेला. रेसिंगला त्यांनी त्या धंद्याची जाहिरात आणि प्रशिक्षणशाळा म्हणून वापरले. म्हणूनच एखादा हंगाम वाईट गेला तरी टीम बंद पडली नाही. १९९४ मध्ये इल्मोर कंपनीने गुप्तपणे बनवलेल्या मर्सिडीज इंजिनावर, नियमातल्या एका सवलतीचा पुरेपूर उपयोग करून, त्यांनी इंडी ५०० अक्षरशः एकतर्फी केली. अल अन्सर ज्युनिअर जिंकले. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्याच टीमच्या दोन्ही गाड्या त्याच शर्यतीसाठी पात्रसुद्धा ठरल्या नाहीत. जी टीम केवळ शर्यतीतल्या बक्षिसावर आणि एका प्रायोजकावर जगते, ती असा धक्का सोसू शकत नाही. पेन्स्की सोसू शकले, कारण सोमवारी सकाळी डीलरशिपचे दार नेहमीप्रमाणे उघडत होते.

थांबण्याचा निर्णयही त्यांनी वेळेवर घेतला. त्यांची टीम १९७४ च्या अखेरीस फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात सरावाच्या वेळी झालेल्या अपघातानंतर डॉनह्यू यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर जॉन वॉटसन यांनी पेन्स्कींच्या गाडीतून शर्यत जिंकली. बरेच लोक अशा विजयानंतर आणखी पैसा ओततात. पेन्स्की यांनी १९७६ चा हंगाम संपताच फॉर्म्युला वनचा गाशा गुंडाळला आणि अमेरिकेतल्या शर्यतींवर लक्ष दिले. शर्यत जिंकूनही ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ असे म्हणता येणे हा गुण ड्रायव्हरच्या स्वभावात सहसा नसतो, कारण परवडत नसतानाही आत घुसणे हीच त्याची आजवरची सवय असते.

मालकी किती लांबवर पोहोचते, याचेही एक अलीकडचे उदाहरण सांगतो. २०२० च्या सुरुवातीला इंडियानापोलिसचा ट्रॅक आणि इंडीकार मालिका या दोन्हींची मालकी पेन्स्की यांच्याकडे आली. २०२५ च्या इंडी ५०० च्या पात्रता फेरीत त्यांच्या दोन गाड्यांच्या मागच्या ॲटेन्युएटरवर, म्हणजे धडक सोसण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा-भागावर, नियमात न बसणारे काम केलेले आढळले. गाड्यांना सर्वांत मागून सुरुवात करावी लागली आणि पेन्स्की यांनी टीमच्या तिघा वरिष्ठ अधिकाऱ्यांना कामावरून दूर केले. ड्रायव्हरला दंड होतो तेव्हा तो काही जागा मागे जातो आणि पुढच्या शर्यतीत भरपाई करतो. मालकाला मात्र आपल्या नकळत झालेल्या कामासाठीही उत्तर द्यावे लागते.

पेन्स्की हेच एकमेव उदाहरण असते तर ‘ते जन्मजात व्यापारी होते’ असे म्हणून विषय संपवता आला असता. परंतु जॅक ब्रॅबहॅम व्यापारी नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीजवळ १९२६ मध्ये जन्मलेले ब्रॅबहॅम हवाई दलात मेकॅनिक होते, नंतर त्यांनी स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवले. कूपर टीमकडून १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन विश्वविजेतेपदे मिळवल्यावर त्यांनी रॉन टॉरनॅक या आपल्या ऑस्ट्रेलियन मित्राला इंग्लंडला बोलावून घेतले आणि दोघांनी गाड्या बनवण्याची कंपनी काढली. त्यांच्या गाड्यांच्या क्रमांकाआधी येणारी ‘बीटी’ ही अक्षरे ब्रॅबहॅम आणि टॉरनॅक यांचीच आहेत. आराखडा टॉरनॅक काढत, ब्रॅबहॅम गाडी चालवून दोष सांगत. सुरुवात त्यांनी फॉर्म्युला वनपासून केली नाही. आधी फॉर्म्युला ज्युनिअरची गाडी बनवली, ती इतरांना विकली आणि नंतरही फॉर्म्युला टू, फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या विकून येणाऱ्या पैशावर कारखाना चालवला. स्वतःची फॉर्म्युला वन गाडी १९६२ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये उतरली. १९६६ मध्ये इंजिनाची मर्यादा ३ लिटरपर्यंत वाढली तेव्हा इतर लोक अवजड, गुंतागुंतीची इंजिने घेऊन झगडत होते. ब्रॅबहॅम यांनी रेप्को कंपनीकडून साधे, हलके व्ही-८ इंजिन बनवून घेतले, फ्रान्समध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून जागतिक स्पर्धेतली शर्यत जिंकणारे ते पहिले ड्रायव्हर ठरले आणि ४० व्या वर्षी तिसऱ्यांदा जगज्जेते झाले.

तेव्हा ‘ब्रॅबहॅम मालक असतानाही गाडी चालवत होते’ असा आक्षेप तुमचा भाऊ घेईल, आणि तो रास्त आहे. मात्र १९६५ मध्ये ते बाजूला होण्याच्या तयारीत होते; काही शर्यतींत त्यांनी स्वतःची जागा डेनी हल्म या तरुण ड्रायव्हरला दिली. त्यांचे दुसरे ड्रायव्हर डॅन गर्नी स्वतःची टीम काढण्यासाठी निघून गेले म्हणून ते पुन्हा पूर्ण वेळ चाकामागे बसले. शिवाय ते चाकामागे असताना कारखान्यात टॉरनॅक होते. १९६७ ची तर गोष्टच पाहा: त्या वर्षी ब्रॅबहॅम यांच्याच टीममधून हल्म जगज्जेते झाले आणि मालक दुसरे आले. आपल्या पगारावर असलेला माणूस आपल्याच गाडीतून आपल्याला हरवतो आणि आपण त्याचे मनापासून अभिनंदन करतो, एवढी मनाची तयारी असेल तर मालकाने गाडी चालवायला हरकत नाही. मी अशी माणसे फार थोडी पाहिली आहेत.

आता प्रॉस्ट. त्यांच्या बुद्धीबद्दल किंवा मेहनतीबद्दल कोणीही शंका घेऊ नये. १९८५, १९८६, १९८९ आणि १९९३ अशी चार विश्वविजेतेपदे आणि ५१ विजय हे केवळ वेगावर मिळत नाहीत. १९९७ च्या हंगामाआधी त्यांनी लिजिए ही जुनी फ्रेंच टीम विकत घेतली. पहिले वर्ष बरे गेले, कारण गाडी आधीच तयार होती आणि म्युजेन-होंडाचे इंजिन चांगले होते; स्पेनमध्ये ऑलिव्हिए पानिस दुसरे आले. नंतर मात्र कारखाना मान्यी-कूरहून पॅरिसजवळ हलवला गेला, प्यूजोचे इंजिन घेतले आणि सगळा डोलारा दुसऱ्यांच्या निर्णयांवर उभा राहिला. २००० साली टीमला एकही गुण मिळाला नाही. त्या वर्षाच्या शेवटी प्यूजोने माघार घेतली, मोठे प्रायोजक गेले, २००१ मध्ये फेरारीचे इंजिन पैसे मोजून घ्यावे लागले आणि २००२ च्या जानेवारीत टीम दिवाळखोरीत गेली. प्रॉस्ट यांच्यापाशी टॉरनॅक नव्हते आणि डीलरशिपही नव्हती. नाव होते, आणि त्या नावावर इंजिन कंपनी व प्रायोजक पहिल्या दिवशी आले. पण नावाची पत दोन-तीन हंगामच टिकते. त्यानंतर निकालाकडे आणि हिशेबाकडे पाहिले जाते.

याच वाटेने गेलेले इतरही आहेत. मोटरसायकल आणि मोटारगाडी या दोन्हींचे विश्वविजेते असलेले जॉन सर्टीज यांची टीम १९७० ते १९७८ या काळात फॉर्म्युला वनमध्ये होती, पण तिला विश्वविजेतेपदाची एकही शर्यत जिंकता आली नाही. एमर्सन फिट्टिपाल्डी यांनी १९७५ नंतर मॅक्लारेनची जागा सोडून भावाच्या ब्राझिलियन टीममध्ये प्रवेश केला. १९७८ मध्ये मायदेशी मिळालेला दुसरा क्रमांक ही त्यांची सर्वांत मोठी कमाई ठरली आणि १९८२ मध्ये टीम बंद झाली. तुमच्या प्रश्नातही दोन भाऊ आहेत, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

एक गंभीर बाब मी टाळू इच्छित नाही. ब्रूस मॅक्लारेन २ जून १९७० रोजी इंग्लंडमधल्या गुडवुडच्या ट्रॅकवर स्वतःच्याच गाडीची चाचणी घेताना अपघातात गेले. त्यांच्या टीममध्ये टेडी मेयर यांच्यासारखे कारभार पाहणारे लोक होते, म्हणून त्याच महिन्यात कॅनडातल्या मॉस्पोर्टला टीमची गाडी उतरली, डॅन गर्नी यांनी ती शर्यत जिंकली आणि मॅक्लारेन हे नाव आजही ट्रॅकवर आहे. उलट माजी विश्वविजेते ग्रॅहम हिल यांची टीम पाहा. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रान्समधल्या चाचणीहून परतताना, ते स्वतः चालवत असलेले विमान लंडनजवळ धुक्यात कोसळले. त्यात हिल यांच्यासह तरुण ड्रायव्हर टोनी ब्राइज आणि डिझायनर अँडी स्मॉलमन असे टीमचे मुख्य लोक गेले आणि टीम तिथेच संपली. आपण नसताना गाडी ट्रकमध्ये चढेल का, पगार होतील का, हा प्रश्न भावाला अशुभ वाटला तरी कागदावर त्याचे उत्तर हवे.

इथवरचे सगळे परदेशातले आणि मोठ्या पैशाचे झाले. आपल्याकडे काय होते ते सांगतो. राष्ट्रीय पातळीवर, उदाहरणार्थ एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या गटात, गाड्या आणि टायर सर्वांना जवळपास सारखेच असतात. त्यामुळे ब्रॅबहॅम यांच्यासारखे नवे इंजिन शोधून पुढे जाण्याची वाट मालकाला बंद असते. कमाईचा मुख्य मार्ग एकच उरतो: सीट भाड्याने देणे. कार्टिंग संपवून आलेला १७-१८ वर्षांचा मुलगा हंगामाचे पैसे भरतो आणि टीम त्याला तयार गाडी, मेकॅनिक, टायर आणि मार्गदर्शन देते. म्हणजे तुमच्या भावाचा ग्राहक प्रायोजक नसून त्या मुलाचे आईवडील असणार आहेत. त्यांना आपल्या मुलाची गाडी सुरक्षित आहे का, हिशेब स्वच्छ आहे का आणि मुलाकडे कोणी लक्ष देते का, एवढेच पाहायचे असते. मालकाने पूर्वी किती चषक जिंकले, याचा उपयोग पहिल्या भेटीपुरता होतो.

मी काम केलेल्या एका टीमचे मालक माजी ड्रायव्हर होते आणि स्वतःही त्याच शर्यतींत गाडी चालवत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका शनिवारी पात्रता फेरीत आमच्या ग्राहक मुलाच्या गाडीचा पुढचा डावा विशबोन, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा, वाकला. मालकांच्या गाडीनेही कडेच्या कर्बवर जोरात आदळून तोच भाग दुखावून घेतला होता. ट्रकमध्ये त्या बाजूचा सुटा विशबोन एकच होता. मेकॅनिकने तो कापडातून काढून सपाट पाट्यावर ठेवला, त्याच्या टोकाचा सांधा (रॉड एंड) फिरवून पाहिला आणि कोणत्या गाडीला लावू म्हणून आमच्याकडे पाहिले. मालकांनी स्वतःच्या गाडीकडे बोट दाखवले. मुलाच्या गाडीचा विशबोन आम्ही रात्री गावातल्या वेल्डरकडून सरळ करून घेतला आणि रविवारी गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा एका बाजूला ओढत राहिली. मुलाचे वडील एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात ते कुटुंब दुसऱ्या टीममध्ये गेले, आणि त्यांच्या ओळखीची आणखी दोन मुलेही आमच्याकडे आली नाहीत. मालक वाईट माणूस नव्हते. हेल्मेट डोक्यावर असेपर्यंत माणूस ड्रायव्हरसारखाच विचार करतो, एवढेच मला त्यातून सांगायचे आहे.

आतापर्यंत सांगितलेल्याचा गोषवारा असा की टिकलेल्या मालकांकडे ड्रायव्हिंगखेरीज दुसरे एखादे काम होते, आपल्याला न येणारी बाजू सांभाळणारा माणूस त्यांच्याबरोबर होता आणि टीमच्या बाहेरून, किंवा गाड्या विकून, नियमित पैसा येत होता. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते त्यांची टीम नावावर काही वर्षे चालली.

तुमच्या बाबतीत काय करावे, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. टीम एका गाडीची की तीन गाड्यांची, वर्कशॉप पुण्यात ठेवायचे की कोइमतूरला, भाऊ दुसरा कोणता व्यवसाय करतो का, हे प्रश्नात लिहिलेले नाही. पुण्यात वर्कशॉप ठेवल्यास चेन्नईचा ट्रॅक सुमारे १,२०० किलोमीटर दूर पडतो. दर फेरीला ट्रक, माणसांचा प्रवास आणि राहणे यांतच भाड्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जातो. म्हणून बऱ्याच टीम दक्षिणेतच बस्तान ठेवतात. भाऊ घर सोडून तिकडे राहायला तयार आहे का, हे आधी विचारा. तयार नसेल, तर तिकडे राहणारा विश्वासू मुख्य मेकॅनिक मिळेपर्यंत गाडी विकत घेऊ नका. गाडी पैसे दिल्यावर लगेच मिळते, तसा मेकॅनिक मिळत नाही.

जमीन विकण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या हंगामासाठी विकू नका. भावाने एक संपूर्ण हंगाम एखाद्या चांगल्या टीममध्ये, पगार मिळो न मिळो, मॅनेजरचा मदतनीस म्हणून काढावा आणि त्या वर्षी स्वतः शर्यतीत उतरू नये. स्पर्धेची नोंदणी, मोटरस्पोर्ट्स महासंघाकडून काढायचे परवाने, तांत्रिक तपासणीच्या रांगा, सुट्या भागांची यादी, पालकांचे फोन, हे सगळे त्याने वर्षभर करून पाहावे. वर्ष संपल्यावरही त्याला टीमच काढायची असेल, तर तो ती इच्छा जाणून-उमजून बाळगत आहे असे समजा आणि त्याला मनापासून साथ द्या. वर्षाच्या मध्येच त्याला पुन्हा चाकामागे बसावेसे वाटले, तर त्यातही कमीपणा नाही. तो अजून ड्रायव्हर आहे आणि त्याने ती उरलेली वर्षे कोणाच्या तरी चांगल्या गाडीत घालवावीत.

पुढे टीम काढलीच तर सुरुवात ग्राहकांच्या दोन गाड्यांनी करावी आणि भावाने स्वतःसाठी तिसरी ठेवू नये. टीमचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे असावे. पालकांशी होणारा करार लेखी असावा आणि त्यात अपघातातल्या नुकसानीचे कलम सर्वांत आधी वाचून दाखवावे: किती रकमेपर्यंतचे नुकसान टीम सोसणार, त्यावरचे कोण भरणार, इंजिन बिघडल्यास जबाबदारी कोणाची, आणि दोन ग्राहकांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्यास काय करायचे. या शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे सर्वाधिक भांडणे होतात. शक्य झाल्यास दोन गोष्टी मला कळवा: वर्कशॉपसाठी ठरवलेली जागा आणि जमिनीव्यतिरिक्त हाताशी असलेली रक्कम. त्यावरून दोन गाड्या झेपतील की एकच, हे अधिक नेमके सांगता येईल, आणि करारातल्या नुकसानीच्या कलमाचा मसुदाही मी तुम्हाला लिहून देईन.